हिरवी पट्टी

११ डिसेंबर २००० रोजी गूगलनं इंटरनेट एक्सप्लोररसाठी एक टूलबार फुकट द्यायला सुरुवात केली. पत्त्याच्या चौकटीखाली एक जास्तीची ओळ यायची, तिच्यात शोधासाठी जागा आणि शेजारी बोटाच्या पेराएवढी एक आडवी पट्टी. समोर उघडलेल्या पानाचं 'पेजरँक' ० ते १० यांपैकी किती, हे ती पट्टी दाखवायची. आकडा जितका मोठा तितकी पट्टी जास्त हिरवी. बहुतेकांनी टूलबार घेतला तो शोधाच्या सोयीसाठी. पुढे पॉप-अप जाहिराती अडवायची सोय त्यात आली म्हणूनही घेतला. पट्टीकडे बघणारे थोडे होते. पण त्या थोड्या लोकांमुळे पुढच्या दहा-बारा वर्षांत जालावरचा एक जुना, साधा रिवाज पार बदलून गेला. एका पानानं दुसऱ्या पानाचा दुवा देण्याचा रिवाज.

या पट्टीचा इतिहास लिहावासा वाटला त्याचं निमित्त घरगुती आहे. आम्ही चार-पाच जण मिळून लोकसाहित्यावरचे मराठी लेख एका छोट्या संस्थळावर ठेवतो. लेख वाचकांना सापडत नाहीत, ही आमची कायमची रड. एका तरुण सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी एसईओचं, म्हणजे शोधयंत्रात आपलं पान वर यावं यासाठीच्या खटपटीचं, एक ॲड-ऑन ब्राउझरला जोडून पाहिलं. पान उघडलं की ते त्यावरून नजर फिरवतं, शंभरपैकी गुण देतं आणि उणिवांची यादी काढतं. प्रत्येक उणिवेपुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका. हे ठिपके कुठून आले, ते कुणाच्या वतीनं बोलतात, हे समजून घ्यायचं तर त्या जुन्या पट्टीपर्यंत, खरं तर तिच्याही मागे जावं लागतं.

शब्द मोजण्याचे दिवस

गूगलच्या आधीही शोधयंत्रं होती आणि त्यांच्या परीनं बरी होती. डिसेंबर १९९५मध्ये आलेलं अल्टाव्हिस्टा पानांतला संपूर्ण मजकूर सूचीत घ्यायचं. त्या काळी हे अप्रूपच होतं. अडचण पुढची होती. एकच शब्द हजारो पानांत असेल तर आधी कुठलं पान दाखवायचं? यंत्राकडे मुख्य पुरावा होता तो पान स्वतःबद्दल काय सांगतं याचाच. शब्द किती वेळा आलाय, शीर्षकात आहे का, पानाच्या संकेतात लेखकानं 'कळीचे शब्द' म्हणून काय भरलंय, एवढंच.

साहजिकच पानं स्वतःबद्दल खोटं सांगू लागली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहायचा, ही तेव्हाची लोकप्रिय युक्ती. वाचणाऱ्याला कोरी जागा दिसायची, यंत्राला भरगच्च मजकूर. डॅनी सलिव्हन या पत्रकारानं १९९६ साली शोधयंत्रांविषयी एक मार्गदर्शिका जालावर ठेवली, आणि आपलं पान यंत्राला कसं दिसतं हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे पुष्कळांच्या ध्यानात आलं. धंदा म्हणून एसईओची सुरुवात याच सुमाराची.

वकिलांच्या चिठ्ठ्या

पान स्वतःबद्दल काय म्हणतं यापेक्षा इतर लोक त्याचा हवाला देतात का ते बघावं, हा विचार जालाहून खूप जुना आहे. अमेरिकेत वकिलाला जुन्या निकालाचा आधार घ्यायचा असेल तर तो निकाल नंतर कुणी फिरवला तर नाही ना, हे आधी तपासावं लागतं. फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली यासाठी एक सोय काढली, सुरुवात इलिनॉय राज्यातल्या निकालांपासून. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढच्या कोणकोणत्या निकालांत आला त्याची यादी ते डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापायचे, आणि वकील त्या चिठ्ठ्या आपापल्या ग्रंथांच्या समासात चिकटवायचे.

हाच धागा धरून यूजीन गार्फील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात विज्ञानासाठी अशी सूची असावी असं सुचवलं आणि १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' काढला. त्यांना हवं होतं ते शोधण्याचं साधन: एक चांगला निबंध हाती असेल तर त्याचा हवाला देणारे पुढचे निबंध गाठता यावेत. पण हवाले मोजता येतात म्हटल्यावर लोकांनी ते मोजलेच. नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला, आणि काही दशकांत प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या त्यावर ठरू लागल्या. सूचीची गुणपत्रिका झाली.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन स्टॅनफर्डमध्ये १९९६च्या सुमारास जे करत होते त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती. जालावरचा दुवा म्हणजे हवाला. मात्र सगळे हवाले सारख्या तोलाचे नसतात. कल्पना करा, एक रिकामटेकडा माणूस जालावर भटकतोय. समोरच्या पानावरच्या दुव्यांपैकी कुठलाही एक तो डोळे मिटून दाबतो, पुढच्या पानावर गेला की पुन्हा तेच. शंभरातल्या ८५ वेळा तो असा दुव्यामागून दुवा जातो. उरलेल्या १५ वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अखंड भटकत राहिला तर त्याच्या एकूण वेळातला किती वाटा कुठल्या पानावर जाईल? तो वाटा म्हणजे त्या पानाचं पेजरँक. ज्या पानांकडे पुष्कळ वाटा येतात तिथे तो जास्त वेळा पोचणार, आणि अशा पानानं ज्यांचा दुवा दिलाय तिथेही. एप्रिल १९९८मध्ये ब्रिस्बेनच्या परिषदेत मांडलेल्या त्यांच्या निबंधात २ कोटी ४० लाख पानांचा आणि ५१ कोटी ८० लाख दुव्यांच्या नकाशाचा उल्लेख आहे.

त्याच काळात राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात, व्यापारी हेतूनं कुणी या क्रमवारीत ढवळाढवळ करील का, याचा विचार त्यांनी केलेला दिसतो. उत्तर साधारण असं होतं: पान वर न्यायचं तर एखाद्या वजनदार पानाला किंवा खूपशा साध्या पानांना दुवा द्यायला राजी करावं लागेल. फार तर कुणी वजनदार पानांवर दुवे विकत घेईल, पण त्याला पैसे पडतात, म्हणून ते आटोक्यात राहील. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत होती. कुठल्या पानाचं वजन किती, हे बाहेरच्या माणसाला नेमकं ठाऊक नसणार.

भाव फुटला

टूलबारनं ते सांगून टाकलं.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. पट्टी रंगवायची तर तुम्ही कुठलं पान बघताय हे गूगलला कळायला हवं. म्हणून प्रत्येक पानाचा पत्ता गूगलकडे जायचा आणि तिकडून एक आकडा यायचा. कंपनीनं हे लपवलं नव्हतं. टूलबार बसवतानाच, हे नीट वाचा, अशी ठळक सूचना असायची. आलेला आकडा ठोकळ होता. आतलं खरं गणित अपूर्णांकांचं, आणि पट्टीवर फक्त ० ते १०. तेही अधूनमधून, पुढेपुढे तर काही महिन्यांनी एकदा बदलणारं. पण बाजाराला ठोकळ आकडा पुरतो. आधी कुणीतरी आपला दुवा दिला तर बरं वाटायचं, इतकंच. आता त्या दुव्याची किंमत पट्टीवर दिसायला लागली. भाव फुटला म्हणतात तसं झालं.

ऑगस्ट २००२मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या 'सर्चकिंग' या कंपनीनं जास्त पेजरँकच्या पानांवर दुवे मिळवून द्यायचा उघड व्यवसाय सुरू केला. पान जितकं हिरवं तितका दर जास्त. पुढच्याच महिन्यात पट्टीवरचा सर्चकिंगचा स्वतःचा आकडा ८ वरून ४ वर आला. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं गूगलवर दावा लावला. मे २००३मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. कारण असं की कुठलं पान किती महत्त्वाचं, हे गूगलचं मत आहे, आणि मत मांडायचं स्वातंत्र्य अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीनं दिलेलंच आहे.

हा निकाल मला या सगळ्या इतिहासातला फार महत्त्वाचा टप्पा वाटतो. गूगल त्या काळी पेजरँकचं वर्णन करताना जालाच्या लोकशाही स्वरूपाचा दाखला द्यायचं. दुवा म्हणजे मत, आणि आपण फक्त मतमोजणी करतो, असा सूर. न्यायालयात मात्र ते गूगलचं स्वतःचं मत ठरलं. पट्टीकडे बघणाऱ्यांच्या लेखी या दोहोंत काही फरक उरला नव्हता. त्यांच्यासाठी तो आकडा होता, आणि आकडा वाढवायचा असतो.

पानाची कुंडली

२००६ साली मी पुण्यात एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. आमची गिऱ्हाइकं अमेरिकेतली: दंतवैद्य, वकील, घरं विकणारे. त्यांच्या वेबसाइट शोधयंत्रात वर आणायचं काम पुण्यात बसून चाललेलं असायचं. असं काम करणाऱ्या कंपन्या तेव्हा शहरात बऱ्याच होत्या. इंग्रजी लिहिणारी, स्वस्तात आणि चिकाटीनं काम करणारी तरुण मंडळी इथे मिळायची.

आमचं मुख्य हत्यार फायरफॉक्स. टूलबार गूगलला ज्या भाषेत आकडा विचारायचा ती काही प्रोग्रॅमरांनी २००४ सालीच उलगडली होती, त्यामुळे पेजरँक दाखवायला गूगलचा टूलबारच लागतो असं राहिलं नव्हतं. २००६मध्ये ॲरन वॉल यांनी 'एसईओ फॉर फायरफॉक्स' हे ॲड-ऑन फुकट उपलब्ध केलं. ते पहिल्यांदा वापरून पाहिलं तो दिवस आठवतो. गूगलवर काहीही शोधा, प्रत्येक निकालाखाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटायची: पेजरँक किती, पान किती जुनं, किती दुवे येतात, त्यांतले विद्यापीठांचे किती, सरकारी किती, अलेक्साच्या वाहतूक-क्रमवारीत नंबर कितवा. पान उघडायच्या आधी त्याची कुंडली समोर. अभ्यासाचं साधन म्हणून ते खरोखर सुंदर होतं. जाल कसं विणलं गेलंय हे इतक्या सहज मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

त्या कुंडल्या एक्सेलच्या तक्त्यात भरल्या जायच्या. मग ज्यांचं पेजरँक ४ किंवा अधिक त्यांना पत्रं. तुम्ही आमचा दुवा द्या, आम्ही तुमचा देतो. एकदा जुन्या भिंतीवरच्या घड्याळांवर वेबसाइट चालवणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थाला आमच्या चमूतून असं पत्र गेलं, एका दंतवैद्याच्या वतीनं. त्याच्या पानावर दुव्यांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येक दुव्यापुढे एक वाक्य: या दुकानात अमुक बनावटीचे लंबक मिळतात, हा माणूस पत्राला सावकाश पण नक्की उत्तर देतो, वगैरे. त्याचं उत्तर आलं. सभ्य होतं. तुमच्या दंतवैद्याबद्दल मी काय लिहू, असं त्यानं विचारलं होतं. तक्त्यात त्याच्या नावापुढे 'नकार' अशी नोंद झाली.

मला ते पत्र अजून आठवतं, कारण प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्या लेखी दुवा देणं म्हणजे वाचकाला एक वाक्य सांगणं होतं. आमच्या तक्त्यात त्या वाक्यासाठी रकानाच नव्हता.

दुवा देणे

मराठीत आपण 'लिंक'ला 'दुवा' हा शब्द घेतला. जोडणारी कडी, सांधा, या अर्थाचा तो दुवा पुल्लिंगी. पण आपल्याकडे आणखी एक दुवा आहे, स्त्रीलिंगी, फकिराची असते तशी, म्हणजे आशीर्वाद. दोन्ही 'देता' येतात. जालाच्या पहिल्या काळातलं वागणं या दोन्ही अर्थांना धरून होतं. घड्याळवाला काय, किंवा २००५ नंतर मराठीत लिहू लागलेले ब्लॉगर काय, पानाच्या कडेला आवडत्या ब्लॉगांची यादी ठेवायचे. मागितलेली नसायची, मोबदला नसायचा. वाचलं, आवडलं, दुसऱ्याला सांगितलं.

भाव फुटल्यावर ही यादी म्हणजे उघड्यावर ठेवलेला माल झाली. यंत्रं रात्रंदिवस फिरून अतिथी-वह्यांत आणि ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांत औषधांचे आणि जुगाराचे दुवे पेरू लागली. त्यावर उपाय म्हणून १८ जानेवारी २००५ रोजी गूगलनं, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनसह, 'नोफॉलो' ही खूण जाहीर केली. दुव्यावर ही खूण असली की यंत्रानं समजायचं: दुवा आहे, पण तो हवाला म्हणून मोजू नका. प्रतिक्रियांपुरता उपाय ठीकच होता. पण खूण तिथेच थांबली नाही. जानेवारी २००७मध्ये इंग्रजी विकिपीडियानं आपल्या सगळ्या बाहेरच्या दुव्यांवर ती लावली. माणसांनी हातानं निवडलेल्या दुव्यांचा जगातला एक सर्वांत मोठा साठा अशा रीतीनं, निदान कागदोपत्री, मोजणीतून बाहेर गेला.

दुसरीकडे धंद्यात एक शब्द रूढ झाला होता: 'लिंक ज्यूस'. बाहेर दुवा दिला की आपला रस गळतो, अशी समजूत. त्यामुळे संपादक दुवा द्यायला कचरू लागले. दुसऱ्याच्या बातमीवरून बातमी करायची, पण दुवा द्यायचा नाही, किंवा दिला तर खूण लावून द्यायचा. ज्यांचा धंद्याशी काडीचा संबंध नव्हता अशांनीही कडेच्या याद्या काढून टाकल्या.

पट्टीचा मोह किती होता याचा एक दाखला खुद्द गूगलच्या घरातला आहे. फेब्रुवारी २००९मध्ये गूगलच्या जपानी शाखेनं एका नव्या सोयीच्या प्रचारासाठी ब्लॉगरांना पैसे देऊन लिहून घेतल्याचं उघड झालं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून गूगल जपानच्या पानाचं पेजरँक ९ वरून ५ वर आणण्यात आलं. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०११मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'नं जेसी पेनी या मोठ्या दुकानाविषयी सविस्तर वृत्त छापलं. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कशाच्याही शोधात हे दुकान वर येत होतं, आणि त्यामागे काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवरचे दुवे होते.

एप्रिल २०१२मध्ये गूगलनं 'पेंग्विन' नावाचा बदल आणला, आणि अशा दुव्यांचा फायदा होण्याऐवजी तोटा होऊ लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, अमुक दुवे आमचे नाहीत, ते धरू नका, असं गूगलला कळवायची सोय झाली. मग उलटी पत्रं सुरू झाली. आपण दिलेला दुवा कृपया काढावा. ज्यांनी कधीकाळी आवडीनं, न मागता दुवा दिला होता त्यांनाही ही पत्रं गेली. दिलेली दुवा परत घ्या म्हणण्याचा प्रसंग आपल्या पुराणांतही क्वचितच आला असेल.

पट्टी गेली, गुण राहिले

पेजरँकच्या मागे लागू नका, असं गूगल बरीच वर्षं सांगत होतं. ऑक्टोबर २००९मध्ये वेबसाइट चालवणाऱ्यांसाठीच्या साधनातून त्यांनी तो आकडा काढलाही. टूलबारवर मात्र ठेवला. डिसेंबर २०१३मध्ये तो शेवटचा बदलला. एप्रिल २०१६मध्ये पट्टी कायमची कोरी झाली. आतलं गणित थांबलं नाही; दुव्यांवरून पानाचं वजन ठरवणं बदललेल्या रूपात चालूच असल्याचं गूगलच्या माणसांनी नंतरही सांगितलं. फक्त ते पुन्हा झाकलं गेलं.

ॲड-ऑनांची जुनी पिढीही टिकली नाही. नोव्हेंबर २०१७मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या धाटणीची सगळी ॲड-ऑनं एका फटक्यात बंद पडली. मे २०२२मध्ये अलेक्साची क्रमवारीही संपली. पण रिकामी जागा बाजारात फार दिवस राहत नाही. 'मोझ'सारख्या कंपन्यांनी स्वतः जाल चाळून स्वतःचे गुण काढले. 'डोमेन अथॉरिटी' हा त्यांतला प्रसिद्ध, १०० पर्यंतचा. हे गुण गूगलचे नाहीत, गूगल ते वापरत नाही. गूगलच्या मनात काय असेल याचा तो तिऱ्हाइतानं केलेला अंदाज. आज दुव्यांचे भाव या अंदाजांवर ठरतात.

मी जोडलेलं ॲड-ऑन याच घराण्यातलं, फक्त ते दुव्यांबरोबर मजकुरालाही गुण देतं. म्हणजे एका अर्थी शब्द मोजण्याचे दिवस परत आलेत. मी तपासायला घेतला तो लेख नाशिक जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा, जात्यावरच्या ओव्यांविषयीचा. शीर्षक 'पहाटेचा आवाज'. ॲड-ऑननं कळीचा शब्द विचारला. बाई 'जाते' असं लिहितात, म्हणून मी तेच भरलं.

त्यानं जे सांगितलं ते असं. कळीचा शब्द शीर्षकात नाही. लेखात तो फारच कमी वेळा आहे. खरं तर लेखात जागोजागी जातं आहे. पण ते 'जात्यावर', 'जात्याला', 'जात्यापाशी' असं आहे. मराठीत नाम विभक्ती घेताना स्वतःचं रूप बदलतं, आणि हे यंत्राच्या गावीही नाही. उलट जिथे 'ती माहेरी जाते' आहे ते मात्र त्यानं मनोभावे मोजलं. अनेकवचन 'जाती' भरून पाहावं, तर ती पंचाईत आणखी वेगळी. लेखात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द म्हणून त्यानं दाखवलं 'त'. त्याचं कारण उघड आहे. काना, मात्रा, वेलांट्या युनिकोडमध्ये 'अक्षर' या वर्गात नाहीत, जोडचिन्हांच्या वर्गात आहेत. फक्त अक्षरं शब्दात धरणारा प्रोग्रॅम प्रत्येक मात्रेपाशी शब्द तोडतो, आणि ते, ती, होते, जाते या सगळ्यांतून एकेक 'त' वेगळा पडतो.

लांबीचंही तेच. शीर्षक साधारण ६० अक्षरांत बसवा, असा यंत्राचा सल्ला. 'ज्ञानेश्वरी'त आपल्याला चार अक्षरं दिसतात. यंत्र तिथे अकरा मोजतं. पानाच्या पत्त्यात 'पुणे' लिहिलं तर तो पत्ता चिकटवताना टक्क्यांच्या खुणा आणि आकडे मिळून ३६ चिन्हं होतात, आणि पत्ता फार लांब म्हणून पुन्हा लाल ठिपका.

यावर हसून ॲड-ऑन काढून टाकणं सोपं होतं. पण त्यानं दाखवलेल्या काही गोष्टी खऱ्या होत्या. आमच्या पानांवरचे बरेच दुवे तुटलेले होते. चित्रांना वर्णनं नव्हती. दृष्टिहीन वाचक पान यंत्राकडून वाचून घेतो तेव्हा त्या जागी त्याला काहीच ऐकू येत नाही. या दोन्ही तक्रारींमागे एक वाचक उभा होता. मग मी यादीतल्या प्रत्येक ठिपक्याला तोच प्रश्न लावला: हे कुणासाठी? तुटलेला दुवा वाचकासाठी. वर्णन वाचकासाठी. दर परिच्छेदात 'जाते' हवं, हे कुणासाठीच नाही.

शीर्षकाचं मात्र मला ठरवता येईना. 'पहाटेचा आवाज' हे नाव शोधून त्या लेखापर्यंत कोण येणार? बाईंना फोन केला.

"लोक काय लिहून शोधतात?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक 'जात्यावरच्या ओव्या'."

"मग खाली तसं लिहा की. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं की खाली विषय लिहायचेच मी." मग जरा थांबून, "पण आतला मजकूर नका हलवू. वाचणाऱ्याला एकदा कळलं ना जातं आहे म्हणून? मग सारखं काय सांगायचं?"

तसं केलं. शीर्षक तेच, खाली एक ओळ. गुण थोडे वाढले, ठिपका पिवळाच राहिला.

यादीत आणखी एक तक्रार होती: बाहेरचे दुवे कमी. ती खरी होती, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. रस गळेल या भीतीनं नव्हे, पण इतरांनी दुवे द्यायचं सोडलं तसं आम्हीही कधी मनावर घेतलं नव्हतं. बाईंच्या लेखाखाली आता हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संग्रहाचा दुवा आहे. लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या साठ्यातल्या काही ओव्या 'पारी'च्या संस्थळावर ऐकता येतात. शिवाय आम्ही दुव्यांचं एक वेगळं पान केलंय. प्रत्येक दुव्यापुढे एक वाक्य: इथे काय आहे, कुणी केलंय, आम्हाला ते का आवडलं. एकालाही नोफॉलोची खूण नाही. त्या पानाचे गुण मी पाहिलेले नाहीत; ॲड-ऑन आता महिन्यातून एकदा, तुटलेले दुवे शोधण्यापुरतं उघडते.

सध्या यादीत अकरा नावं आहेत. गेल्या महिन्यात त्यांतले दोन दुवे तुटलेले निघाले. एक पान दुसऱ्या पत्त्यावर सापडलं. दुसरं कुठेच नाही, म्हणून ते लिहिणाऱ्या गृहस्थांना पत्र पाठवलंय, मजकूर कुठे जपून ठेवला आहे का, असं विचारणारं.